खिडकीत बसून जेवण्याची नोकरी

नोकरीत असताना माझ्या चेहऱ्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. बंदराच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो, आणि हेडक्लार्कचा चेहरा प्रसन्न असावा असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. उलट कचेरीला माझ्या चेहऱ्याचा फायदाच झाला. रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस माझ्या टेबलासमोर थोडा वेळ उभा राहायचा आणि मग स्वतःच अर्जाची घडी करून परत जायचा. त्याला नाही म्हणण्याचीसुद्धा वेळ माझ्यावर यायची नाही. अशा माणसाला निवृत्त झाल्यावर, जेवताना चेहरा कसा ठेवावा याची शिकवणी लावावी लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतं. तेवढं पुरलं असतं.

याला कारण माझा मेहुणा. म्हणजे हिचा धाकटा भाऊ. हा आयुष्यभर मालवाहू बोटींवर आचारी होता. आमच्या लग्नात तो बोटीवर होता, आमच्या मुलीच्या लग्नात बोटीवर होता आणि सासूबाई गेल्या तेव्हाही तो कुठल्याशा समुद्राच्या मधोमध खलाशांसाठी बटाटे सोलत होता. त्याचा फोन यायचा तेव्हा निम्मा वेळ वाराच बोलायचा. तरी ही तो वारा कान देऊन ऐकायची आणि फोन ठेवल्यावर "बरा आहे म्हणाला" असं मला सांगायची. या वर्षी तो आला, बॅग आमच्या मागच्या खोलीत ठेवली आणि म्हणाला, "ताई, आता पुरे. आता जे काही करायचं ते जमिनीवर." त्या दिवशी हिला इतका आनंद झाला की माझ्या चहात तिने दोनदा साखर घातली, आणि मी तो चहा मुकाट्याने प्यालो.

जमिनीवर त्याने काय करावं, तर हॉटेल काढलं. आणि तेही समुद्राकडच्या रस्त्यावर.

आता हा रस्ता काय आहे हे सांगितलं पाहिजे. आमचं शहर लहान. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला दीपगृह, आणि मध्ये समुद्राला लागून जो रस्ता जातो त्यावर नुसती खाण्याची दुकानं. संध्याकाळ झाली की सगळं शहर या रस्त्याने फिरायला निघतं. फिरायला म्हणजे काचांतून आत डोकावायला. आमच्याकडच्या माणसाला चांगलं जेवण कुठे मिळतं असं विचारलं, तर तो पदार्थाचं नाव घेत नाही. "तिथे गर्दी असते," एवढंच सांगतो. रिकाम्या हॉटेलात पहिलं पाऊल टाकणं हे इथे कमीपणाचं समजलं जातं. आत कुणी बसलेलं नाही म्हणजे काहीतरी असणारच, आणि ते आपल्याच पोटावर कशाला आजमावावं. दीपगृहाजवळच्या एका हॉटेलाबाहेर कायम रांग असते. मध्यंतरी ते हॉटेल रंगकामासाठी बंद होतं, तेव्हाही रांग होती.

मेहुण्याच्या हॉटेलात सगळं होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ होते, रस्त्याकडे उघडणारी ही एवढी मोठी काचेची खिडकी होती, आत भाजणाऱ्या माशाचा आणि लसणीचा वास होता. फक्त माणूस नव्हता. लोक यायचे, काचेला नाक लावायचे, रिकाम्या खुर्च्या बघायचे आणि पुढे सरकायचे. हे बघून जागामालक एक दिवस आला आणि म्हणाला, "हंगाम संपायच्या आतल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन बघणार. हॉटेल चालतंय असं दिसलं तर राहा. नाहीतर चपलांच्या दुकानवाल्याने मागितलीच आहे जागा. चपला रोज लागतात."

मेहुणा शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. बोट काय, तयारच असते. कंपनीचा फोनही येऊन गेलाय." तो हे बोलला तेव्हा ही भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. त्यानंतर तिने पानं टाकून देठं ठेवायला सुरुवात केली. बायकोचा असा गोंधळ मी फार क्वचित पाहिलेला आहे आणि मला तो पाहवत नाही.

देठांची भाजी खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही बसा ना."

"कुठे?"

"त्याच्या हॉटेलात. खिडकीजवळच्या टेबलावर. कुणीतरी जेवताना दिसलं की लोक आपोआप आत येतील."

"मी? मी तिथे शोभेसाठी बसू?"

"शोभेसाठी कोण म्हणतंय. जेवायला बसा. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

हा प्रश्न निवृत्त माणसाला विचारू नये असा कायदाच केला पाहिजे. मी दुसऱ्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळ जाऊन बसलो.

सुरुवातीचे दिवस मला तरी फार चांगले गेले असं वाटत होतं. मेहुणा आतून भाजलेला मासा आणून ठेवायचा, वर लिंबू पिळायचा आणि म्हणायचा, "भावजी, सावकाश." मी मान खाली घालून, काटे बाजूला काढत, एकचित्ताने जेवायचो. ही रोज संध्याकाळी रस्त्यावरून एक फेरी मारायची, काचेतून माझ्याकडे बघायची आणि समाधानाने घरी जायची. तिला कशाचं समाधान वाटतंय हे मला कळत नव्हतं, कारण गिऱ्हाईक तर एकही येत नव्हतं. एकदा एक बाई दारावरचा फलक वाचून आत यायच्या बेतात होत्या. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच त्याला पलीकडच्या हॉटेलात नेलं. मेहुण्याने स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं. तो परत आत वळला आणि मासा उलटायला लागला. बोटीवर राहून माणूस समजूतदार होतो.

ही बातमी आमच्या इमारतीत पोचायला वेळ लागला नाही, आणि इमारतीत बातमी पोचली की सल्ला वर चढायला लागतो. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "यांना काचेकडे पाठ करून बसवा. यांची पाठ चांगली आहे." हा सल्ला त्यांनी सद्भावनेने दिला होता, म्हणून मी त्यांच्याशी अजून बोलतो, पण कमी बोलतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं मत पडलं की टेबलावर फुलं ठेवावीत, म्हणजे मी थोडा झाकला जाईन. आणि मग नाटकवाले आले.

नाटकवाले आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी त्यांनी क्लबात नाटकं बसवली होती. त्या नाटकांत माणसं फार मरायची आणि मरायला फार वेळ घ्यायची, एवढं मला आठवतं. ते स्वतः रस्त्यावर उभे राहून मला जेवताना बघून आले आणि आमच्या कोचावर बसून म्हणाले, "साहेब, राग मानू नका. पण तुम्ही जेवताना कसे दिसता माहीत आहे? घरातलं कुणी आत ऑपरेशनला नेलंय आणि डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत, असे."

"मी जेवताना असाच दिसतो," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. हे बदलायचं." आणि त्यांनी शिकवणी सुरू केली. घास तोंडात गेला की आधी डोळे मिटायचे. मग भुवया वर. मग मान अगदी हळू डावीकडून उजवीकडे. मग खुर्चीत मागे रेलायचं, एक हात छातीवर, आणि ओठांवर मंद स्मित. "मंद," ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "दात नकोत. आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे, की तुम्ही धन्य झाला आहात." मी न्हाणीघरातल्या आरशासमोर पोळीच्या तुकड्यावर सराव केला. तो माणूस मला अनोळखी वाटायचा आणि थोडा लबाडही वाटायचा. पण भुवयांवर ताबा आल्यावर आपल्यातही काही आहे असं वाटायला लागलं, हेही खोटं का सांगू.

खिडकीत माझा पहिला प्रयोग झाला त्या संध्याकाळी ही नेहमीप्रमाणे फेरी मारायला आली होती. तिने काचेतून माझं मंद स्मित पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. घरी आल्यावर तिने हळूच विचारलं, "कसं होतं जेवण?"

सराव हाताशीच होता, म्हणून मी भुवया वर करून म्हणालो, "फारच छान."

तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ती भावाला फोनवर विचारत होती, "मीठ चाखून घालतोस ना रे? मासा सकाळचाच असतो ना?" मी म्हटलं, बायकांचं काय, काळजी करायला त्यांना कारण लागत नाही. असं म्हणून मी पुन्हा आरशाकडे गेलो.

मग डॉक्टरांचा प्रकार झाला. त्या दिवशी हवा चांगली होती, रस्ता माणसांनी फुलला होता आणि मी जरा जास्तच रंगात आलो. घास घेतला, डोळे मिटले, भुवया वर नेल्या, मान फिरवली, मागे रेललो, छातीवर हात ठेवला आणि तसाच थांबलो. नाटकवाले म्हणाले होते की टाळीसाठी थांबायचं असतं. टाळीऐवजी माझ्या पाठीवर एक दणका बसला. फिरायला आलेले कुणी डॉक्टर हाफ पँटवर आत धावत आले होते. त्यांनी मला मागून कवेत घेऊन उचललं, वर खाली हलवलं, माझा चष्मा रश्श्यात पडला आणि हॉटेल, उघडल्यापासून पहिल्यांदाच, माणसांनी गच्च भरलं. त्यांतल्या एकानेही काही मागवलं नाही. सगळे एकमेकांना एकच विचारत होते, "यांनी खाल्लं काय?"

"मला काही झालेलं नाही," मी चष्मा पुसत म्हणालो. "जेवण आवडलं म्हणून मी डोळे मिटले होते."

डॉक्टर माझी नाडी सोडेनात. "घाबरू नका," ते म्हणाले. "माणसाला जेवण एवढं आवडत नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य निरीक्षक हजर. हातात फाइल, बगलेत छत्री, आणि काहीतरी सापडणारच अशा विश्वासाने ते आत शिरले. पण मेहुण्याचं स्वयंपाकघर बोटीच्या शिस्तीचं. प्रत्येक सुरी तिच्या जागी, प्रत्येक डब्याला घट्ट झाकण, फरशी अशी की निरीक्षक बूट काढावेत का या विचारात पडले. त्यांनी कपाटं उघडली, सिंकखाली वाकले, शिडीवर चढून पंख्यावर बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट बराच वेळ बघत राहिले. त्यांचा इतका हिरमोड झालेला पाहून मलाच वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी आपला सकाळच्या सरावासाठी आलो होतो.

"आपण कोण?"

"मी गिऱ्हाईक."

"बिल दाखवा."

बिल कुठून असणार. बहिणीच्या नवऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं मेहुण्याने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी तसं सांगितलं.

"म्हणजे आपण पाहुणे."

"हो, तसंच म्हणा."

"पाहुणा घरी असतो," निरीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज आता बरा व्हायला लागला होता. "हे घर नाही. इथला परवाना उपाहारगृहाचा आहे. आपण रोज येता?"

"रोज."

"ठरलेल्या वेळी?"

"कचेरीची सवय आहे, वेळ चुकत नाही."

"काम झालं की जेवण मिळतं?"

"जेवण हेच काम आहे," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी जाळ्यात पाय टाकला.

"मग आपण कर्मचारी झालात." निरीक्षकांनी फाइल उघडली. "कर्मचाऱ्याला आरोग्याचा दाखला लागतो. आणि आवारात असेपर्यंत डोक्यावर पांढरी टोपी."

मी त्यांना समजावलं की मी बंदर कचेरीचा निवृत्त हेडक्लार्क आहे. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की टोपी सगळ्यांना सारखीच असते. नियम दाखवून लोकांना परत पाठवण्यात माझी हयात गेली होती. त्यामुळे समोरचा माणूस नियमाप्रमाणे बोलतोय हे मला कळत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

दाखल्यासाठी मला सरकारी दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या कारकुनाला माझं काम कुठल्या प्रकारात घालावं ते कळेना. आचारी होता, वाढपी होता, भांडी घासणारा होता. नुसता जेवणारा कुठेच नव्हता. त्याने आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी बाहेर येऊन मला नखशिखांत न्याहाळलं आणि शेवटी मी 'मदतनीस, किरकोळ' झालो. नखं तपासली, जीभ तपासली, मला खोकायला लावलं. माझ्या मागे उभा असलेला एक खराखुरा वाढपी मला धीर देत होता, "पहिल्यांदा असंच होतं काका. नंतर सवय होते."

मी घरी येऊन राजीनामा दिला. म्हणजे दाखला टेबलावर आपटला आणि म्हणालो, "बस्स. माझ्या वडिलांनीसुद्धा कधी मला किरकोळ म्हटलं नाही. टोपी घालून मी सबंध शहरासमोर बसणार नाही."

ही भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "नका बसू," ती म्हणाली. "तुमचंही बरोबर आहे." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करूनच, म्हणाली, "मागच्या खोलीत त्याची बॅग आहे ना, ती त्याने अजून पूर्ण उघडलेली नाही. रोज लागतील तेवढेच कपडे काढतो. मी केर काढताना बघते. एकदा ती रिकामी झालेली बघायचीये मला, बाकी काही नको."

मी टोपी घातली. कडक खळीची, उंच, आणि माझ्या डोक्याला थोडी मोठी. त्या संध्याकाळी मी खिडकीत जाऊन बसलो तेव्हा अब्रू नावाची वस्तू दाराबाहेरच ठेवून आलो होतो.

आणि तिथेच चक्र फिरलं. एक वयस्क जोडपं काचेशी थांबलं. बाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि काच उघडी असल्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, हा इथला आचारी दिसतोय. स्वतःच्या हॉटेलात जेवतोय." नवरा म्हणाला, "कसं शक्य आहे?" त्याचंही चुकलं नव्हतं. आमच्या रस्त्यावरचे सगळे आचारी संध्याकाळी मागच्या दाराशी बसून घरून आणलेला डबा खातात, हे शहरातलं लहान मूलसुद्धा जाणतं. ते जोडपं आत आलं. त्यांच्या मागून आणखी कुणी आलं. दोन दिवसांत 'आचारी जिथे स्वतः जेवतो ते हॉटेल' अशी कुजबूज दीपगृहापर्यंत गेली. लोक खिडकीतून वाकून मला विचारायचे, "काय हो, माशाला वरून काय लावता?" मी डोळे मिटून मंद हसायचो. त्यांना वाटायचं, मुरलेला आहे, गुपित सांगत नाही.

अजून हॉटेल भरत नव्हतं, पण दोन-तीन टेबलं तरी हलायला लागली होती. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रविवार जवळ आला तशी हिला काळजी लागली. लोक नेमके त्याच दिवशी आले नाहीत तर? म्हणून हिने आणि नाटकवाल्यांनी मिळून बेत केला की रविवारी संध्याकाळी आमची सगळी इमारतच जेवायला न्यायची. नाटकवाल्यांनी कुणी कुठे बसायचं ते ठरवलं, कुणी केव्हा हसायचं ते ठरवलं, आणि जागामालक आत आला की शिक्षिकाबाईंनी "वा" म्हणायचं असंही ठरलं. फक्त उठायचं केव्हा, हे ठरवायला ते विसरले.

रविवारी आमची इमारत दिवे लागायच्या आधीच येऊन बसली. माझ्यासमोरची सोडली तर एकही खुर्ची उरली नाही. आणि त्याच संध्याकाळी, आचाऱ्याच्या टोपीची ख्याती ऐकून, खरीखुरी गिऱ्हाइकं आली. ती दारात उभी राहिली. आमच्याकडे दारात चार माणसं उभी दिसली की पाचवा न विचारता मागे उभा राहतो. बघता बघता रांग वळण घेऊन समुद्राकाठच्या बाकड्यांच्या पलीकडे गेली. मेहुणा टेबलाटेबलावर जाऊन हात जोडत होता, "ताईंच्या शेजारचे ना तुम्ही? झालं असेल तर जरा..." पण एव्हाना आमच्या इमारतीला जेवणाची चव लागली होती. शिक्षिकाबाईंनी पुन्हा मासा मागवला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी घरी उरलेल्या सासऱ्यांना फोन करून बोलावून घेतलं. नाटकवाल्यांनी तर हसण्याचं पार सोडून दिलं होतं. ते मान खाली घालून पाव रश्श्यात बुडवत होते.

जागामालक आला तो सरळ दारात घुसला. रांगेतल्या कुणीतरी त्याला खांद्याला धरून मागे वळवलं. "काका, रांग तिकडून."

"ही जागा माझी आहे," जागामालक म्हणाला.

"सगळे तसंच म्हणतात," रांगेतला म्हणाला.

हे मी खिडकीतून बघत होतो. मेहुणा धावला, त्याने जागामालकाला कसंबसं आत घेतलं. पण बसवणार कुठे? सबंध हॉटेलात एकच खुर्ची मोकळी होती, ती माझ्यासमोरची. जागामालक घाम पुसत माझ्यासमोर बसला. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्याने माझी टोपी बघितली.

"आचारी तुम्ही?"

मी मान अशी हलवली की तिचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

"गर्दी आहे," तो म्हणाला. "पण गर्दी जमवता येते. मीही या रस्त्यावरच म्हातारा झालोय." त्याने मागे वळून शिक्षिकाबाईंकडे पाहिलं. शिक्षिकाबाईंना आठवण झाली आणि त्या भरल्या तोंडाने "वा" म्हणाल्या. तो पुन्हा माझ्याकडे वळला. "मला खरं सांगा. इथलं जेवण कसं आहे?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला सांगता येत नाही. शिकवणी सुरू झाल्यापासून मी घास घ्यायचो आणि भुवयांचा विचार करायचो. तोंडात काय आहे तिकडे माझं लक्षच नव्हतं. एवढे दिवस रोज जेवत होतो आणि चव म्हणून आठवत नव्हती.

मेहुण्याने दोन बशा आणून ठेवल्या. जागामालकाने हात मागे घेतले. "आधी तुम्ही."

हॉटेलातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. कोपऱ्यातून नाटकवाल्यांनी स्वतःच्या भुवया वर करून मला खूण केली. मी घास घेतला. डोळे मिटायचेच होते, पण तेवढ्यात तो मासा जिभेवर आला. वरची साल कुरकुरीत होती आणि आतलं मऊ, अगदी पाण्यातून नुकतंच काढल्यासारखं. लसूण आधी येऊन गेली, लिंबू मागून आलं, आणि शेवटी धुराचा एक बारीक वास राहिला. मी डोळे मिटायचं विसरलो, मान फिरवायचं विसरलो, छातीवरचा हात ताटाकडे गेला. बाहेर अंधारलं होतं, त्यामुळे खिडकीच्या काचेत मला माझा चेहरा दिसला. ओठ खाली ओढलेले, कपाळावर आठ्या, डोळ्यांत चिंता. रजेचा अर्ज समोर आलेला हेडक्लार्क.

जागामालकाने चमचा खाली ठेवला. "कळलं," तो म्हणाला.

मी हसायचा प्रयत्न केला, पण काही केल्या हसू येईना. मेहुणा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो ॲप्रनला हात पुसत होता आणि पुसतच राहिला. मला त्याची ती अर्धी भरलेली बॅग डोळ्यांसमोर दिसली. आपल्या या एका थोबाडाने हिचा भाऊ पुन्हा समुद्रावर जाणार, असं वाटून मला रडू यायचं बाकी राहिलं, आणि त्यामुळे चेहरा आणखीच वाईट झाला असणार.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून ही उठली. माझ्याजवळ आली, वाकून माझा चेहरा नीट बघितला, आणि तिचे डोळे भरून आले. ती आधी भावाकडे वळली. "जमलंय रे तुला," ती म्हणाली.

"काय जमलंय?" जागामालक म्हणाला. "या माणसाचं तोंड बघा."

"तेच बघतेय." तिने पदराने डोळे टिपले. "यांचं तोंड असं झालं ना, की समजायचं जेवण उत्तम झालंय. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना वाढलं तेव्हा हे असेच बसले होते. मी आत जाऊन रडले. बाहेर आले तर पातेलं रिकामं. तेव्हापासून मला माहीत आहे."

"आणि हसले तर?"

"हसले की काहीतरी बिघडलंय. मग मी गुपचूप ताटातलं काढून घेते. परवापरवापर्यंत हे इथे डोळे मिटून हसत जेवत होते, आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. मला वाटलं, माझ्या भावाचा हात गेला आणि हे माझं मन राखायला गोड बोलतायत."

मला हे सगळं नवीन होतं. हिला असा हिशेब माहीत आहे आणि त्याच्यावर आमचा संसार चाललाय, याची मला कल्पनाही नव्हती. जागामालकाचा तर विश्वासच बसेना. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हिच्याकडे, आणि शेवटी भूकही लागली असावी, कारण माशाचा वास केव्हाचा त्याच्या नाकाशी होता. त्याने चमचा उचलून एक घास घेतला.

चावता चावता त्याच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. ओठ खाली वळले. सबंध इमारत त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड एखाद्याला घर खाली करायची नोटीस आल्यासारखं झालं होतं. त्याने बशी संपवली. मग माझ्या बशीकडे पाहिलं. मी ती त्याच्याकडे सरकवली.

जाताना तो मेहुण्याला एवढंच म्हणाला, "चपला काय, कुठेही मिळतात."

मेहुण्याची बॅग आता माळ्यावर आहे, रिकामी. ती माळ्यावर टाकायला शिडी मीच धरली आणि ही खाली उभी राहून उगाचच "जपून, जपून" करत होती. कंपनीचा फोन परत आला तेव्हा तो हिनेच घेतला आणि "तो कामात आहे" असं सांगून ठेवून दिला. माझी नोकरी मात्र गेली. खिडकीजवळचं टेबल आता गिऱ्हाइकांना लागतं. मेहुणा फार ओशाळून म्हणाला, "भावजी, तुम्ही केव्हाही या, फक्त आधी फोन करा." टोपी मी धुऊन, खळ घालून परत केली. निरीक्षक मध्ये एकदा सहकुटुंब जेवून गेले असं ऐकतो, आणि त्यांनी बिल मागून घेतलं.

त्यानंतर घरी पहिल्यांदा निवांत जेवायला बसलो. हिने वाढलं, मी घास घेतला, आणि इतक्या दिवसांची सवय, डोळे आपोआप मिटले, भुवया वर गेल्या, ओठांवर मंद स्मित आलं. डोळे उघडले तर समोर ताट नव्हतं. ते हिच्या हातात होतं.

"काय चुकलं?" ती म्हणाली.

"काही नाही. चांगलं झालंय."

"मग हसताय कशाला?"

मी म्हटलं, एक घास दे परत. तिने संशयाने ताट पुढे केलं. मी या वेळी नीट लक्ष देऊन खाल्लं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने तिने ताट माझ्यापुढे ठेवलं, पातेलं जवळ ओढलं आणि न विचारता आणखी वाढलं.